‘नाटकाची सर नाही’ म्हणजे नेमकी कशाची?

पत्र : मी 63 वर्षांचा, नाशिकला गंगापूर रोडला राहतो. शाळेत असताना वडिलांबरोबर ‘कट्यार काळजात घुसली’ पाहिलं, वसंतराव देशपांड्यांचं. ते अजून कानात आहे. 2015 साली त्यावरचा चित्रपट थिएटरात पाहिला, जमला नाही, पण गप्प बसलो. यंदा गौरी-गणपतीच्या सुट्टीत मुलाने नवा टीव्ही आणि साउंडबार आणला आणि घरात सगळ्यांनी मिळून तोच चित्रपट लावला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी बोलून गेलो, ‘नाटकाची सर नाही, पार चव घालवली.’ तिने शांतपणे विचारलं, ‘बाबा, नेमकं काय बिघडलं ते सांगा ना.’ मला सांगता आलं नाही. हा चित्रपट पाहूनच ती नाट्यगीताच्या क्लासला जायला लागली आहे. आता ती माझ्यासमोर ती गाणी लावतही नाही. नंतर ‘मानापमान’वरचा चित्रपट पाहिला, तोही मला परका वाटला. त्यात भर म्हणजे आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर पडदा लावून ‘कट्यार’ दाखवायचं ठरतंय, सूनबाई समितीत आहे आणि ‘दोन शब्द’ मी बोलायचे आहेत. काय बोलू? माझंच वय झालंय का?

नमस्कार.

पहिला प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण त्याचं उत्तर आधी शोधा. नवा साउंडबार टीव्हीला कसा जोडलाय? ब्लूटूथने जोडला असेल तर गणपतीत तुम्ही पाहिलेला चित्रपट अर्धा बिघडलेलाच होता. ब्लूटूथवर आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. चित्रपटाची एक चौकट साधारण 42 मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ पुढे आणि आवाज चार-पाच चौकटी मागे. साध्या संवादात हे चालून जातं. द्रुत तानेत मात्र एका सेकंदात आठ-दहा स्वर निघतात, तिथे नटाचा गळा एका स्वरावर आणि कानातला सूर एक-दोन स्वर मागे. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, ‘खोटं वाटतंय’ एवढंच जाणवतं. बार एचडीएमआयच्या एआरसी खाचेतून किंवा ऑप्टिकल वायरने जोडा. तरी फरक राहिला तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लिप-सिंक किंवा ऑडिओ डिले असतो, तो दहा-दहाच्या पायरीने हलवून पाहा. तिथेच ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा. हे दोन्ही हळू आवाज वर उचलतात आणि मोठा आवाज दाबतात. खर्जातली कुजबूज आणि तार षड्ज एकाच उंचीचे झाले की गाण्याचा चढ-उतारच मेला. चित्राची हालचाल गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंगही बंद ठेवा, त्याने राजवाडा मालिकेच्या सेटसारखा दिसतो.

(गंमत म्हणजे नाट्यगृहातही आवाज उशिराच येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. वीस मीटर मागे बसलेल्याला सूर 58 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. समोरचा माणूस खरोखर गातोय हे माहीत असलं की कान एवढं माफ करतो. शंका आली की मात्र दोन चौकटींचा फरकही टोचतो.)

वायर बदलूनही तुमची निराशा पुरती जाणार नाही, कारण तुम्ही 2015 साली थिएटरातही हाच चित्रपट पाहून गप्प झाला होतात. तेव्हा सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळू.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 सालचं, नाट्यसंपदेचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात गाणं हीच घटना आहे. विश्रामपूरच्या दरबारात स्पर्धा होते ती गाण्याची, हेवा वाटतो तो गाण्याचा, हवेलीत शिरून चोरायची आहे तीही गायकीच. पडदा वर गेला की दरबार कुठे असतो? रंगमंचावर राजाचा कारभार बघणारी दोन-चार माणसं दिसतात, पण वसंतरावांनी रंगवलेले गवई खाँसाहेब तोंड करून गातात ते प्रेक्षागृहाकडे. त्यांच्या आलापीवर मान हलवायची की नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘क्या बात है’ म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवता. शाळकरी वयात वडिलांच्या शेजारी बसून तुम्ही विश्रामपूरचे दरबारी होतात.

चित्रपटात हा दरबार पडद्यावर बसवावाच लागतो. कॅमेरा सगळीकडे फिरतो, त्याला रिकामी जागा चालत नाही. म्हणून झुंबरं येतात, जरीचे फेटे येतात आणि प्रत्येक तानेनंतर कुणाच्या तरी डोळ्यांत चमक आल्याचा शॉट येतो. तुमच्या वाटची दाद आधीच कुणीतरी देऊन टाकलेली असते. तुम्ही म्हणता ती ‘सर’ इथे हरवली. सुरांत ती शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण सूर या चित्रपटात उणे नाहीत. खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे यांचा आहे, वसंतरावांच्या नातवाचा. ती गायकी मिळवायला धडपडणाऱ्या तरुण सदाशिवासाठी गायलेत महेश काळे आणि त्यातल्या ‘अरुणि किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे दोघे आणि दिग्दर्शक सुबोध भावे 2010च्या आसपास हेच नाटक नव्या संचात रंगमंचावर करत होते. नाटक न कळलेल्या माणसांनी केलेला हा चित्रपट नाही. सूनबाईंशी बोलताना हे तुमच्या तोंडून आधी निघू द्या.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्यावर थोडं थांबायला हवं. नाटकात पद कसं वाढतं ते आठवा. ध्रुवपद म्हणून झालं, गायक-नटाने श्वास घेतला, त्या श्वासाएवढ्या फटीत पेटीवाल्याने शेवटचा सूर उचलून धरला, तबलजीने गायकाच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा जरा वर गेला म्हणजे आता लांब तान येणार, तेव्हा ठेका सरळ ठेवायचा, लुडबूड नको. तान समेवर आली, टाळी पडली, टाळीत अर्धं आवर्तन वाहून गेलं, मग मुखडा पुन्हा. नाट्यगृहात रंग चढला असेल तर आणखी दोन फेरे. पद किती मिनिटं चालणार हे त्या रात्री, त्या नाट्यगृहात ठरतं. वन्स मोअर म्हणजे या सौद्यावर प्रेक्षकांनी मारलेला शिक्का.

चित्रपटात क्रम उलटा. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं, लय बहुतेक वेळा क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठराविक ठोक्यावर बांधलेली. सेटवर ते तुकड्या-तुकड्याने वाजवतात आणि नट ओठ हलवतो. चार-पाच सेकंदांचा शॉट, मग दिवे हलवायचे, मग पुढचा. पाच मिनिटांच्या गाण्याला दोन-तीन दिवस जाणं नेहमीचं. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना दुसऱ्याच्या गळ्यातली तान आपल्या मानेत, जबड्यात, भुवईत आणायची होती. श्वास मात्र कुठेच नाही, तो मिक्सिंगमध्ये बहुधा पुसलाच जातो. ज्या फटीत तुम्ही ‘वा’ म्हणायचात ती फटच राहत नाही. संकलक तिथे कापून पुढे जातो आणि त्याचंही खरं आहे. अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात त्याला प्रतिस्पर्धी गवई पंडित भानुशंकर आणि खाँसाहेबांचं सगळं जुनं वैर दाखवायचं आहे, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसवायची आहेत आणि वर नाटकातली पदंही ठेवायची आहेत. पदाच्या वाट्याला जे येतं ते मोजून येतं.

याला पर्याय नाहीच असं नाही. 2012च्या ‘ले मिझराब्ल’ या इंग्रजी संगीतपटात नटांनी कॅमेऱ्यासमोरच गायलं. कानात दडवलेल्या इअरपीसमधून पियानो येत होता आणि वाजवणारा नटाच्या लयीमागे जात होता. श्वास राहिले, थांबे राहिले. सूरही काही ठिकाणी घसरले, ते वेगळं. आपल्याकडे हे करायचं तर गाणारा नट हवा. एकाच देहात अभिनय आणि तेवढी तयारी वसंतरावांकडे होती, हीच तर त्या नाटकाची पुंजी.

‘मानापमान’चं दुखणं निराळं, ते याच्यात मिसळू नका. ‘कट्यार’मधली माणसं पेशाने गवई आहेत, त्यांनी गाणं स्वाभाविक. खाडिलकरांच्या 1911च्या ‘मानापमाना’त धैर्यधर सेनापती आहे आणि भामिनी श्रीमंताची लेक. ती दोघं बोलता बोलता गातात. ‘नाही मी बोलत नाथा’ हा लटका रुसवा आहे, सूर लावलेला संवाद. रंगमंचावर आपण हे पहिल्या घंटेलाच मान्य करून बसतो, नांदी त्याचसाठी असते. कॅमेऱ्याला खरा घोडा, खरं रान, खरा घाम लागतो. इतक्या खऱ्यात माणूस गोविंदराव टेंब्यांच्या चालीत रुसायला लागला की पाहणारा दचकतो. ते टाळायला दिग्दर्शक गाणं मोठं करतो, नाच आणतो, वाद्यमेळ वाढवतो, आणि पदाचा संवाद होता त्याचा प्रसंग होतो. ‘कट्यार’ पडद्यावर नेणं त्या मानाने सोपं होतं. आमच्या मते ‘मानापमाना’सारख्या नाटकाला पडद्यावर न्यायचं तर ते नाटक आहे हे उघड दाखवूनच न्यावं, पडदा, विंगा, पायपेटी सगळं चौकटीत ठेवून. पण हा आमचा हट्ट झाला.

आता सूनबाईंसाठी एक संध्याकाळ काढा. चाळीस मिनिटं पुरे, चित्रपट पूर्ण लावू नका.

‘घेई छंद मकरंद’ घ्या. नाटकात हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन तऱ्हांनी येतं, एक धानी रागात, संथ, दुसरं सालगवराळी रागात, तानांनी चढत जाणारं. शब्द तेच. नाटकाचं सगळं भांडण या दोन चालींत सांगून झालेलं आहे, त्याला संवाद लागत नाही. दोन्हींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका सहज मिळतात. क्रम असा ठेवा : आधी चित्रपटातलं, सूनबाईंना आवडतं ते, पूर्ण. मग जुनं धानीतलं, मग सालगवराळीतलं. वसंतरावांपासून सुरुवात केलीत तर पुढचं सगळं त्यांच्या तराजूत पडेल आणि ते कुणालाच न्याय देणारं नाही.

ऐकताना तीन गोष्टींवर बोट ठेवा. एक, सुरांच्या मागे काय वाजतंय. धानीत पाचच स्वर आहेत, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रे आणि ध नाहीत. नव्या वाद्यवृंदात व्हायोलिनचे थर किंवा गिटारचे कॉर्ड येतात तेव्हा त्यात वर्ज्य स्वर डोकावतो का, ते ऐका. डोकावला तर रंग पातळ होतो, हे सूनबाईंना क्लासमुळे तुमच्यापेक्षा लवकर कळेल. स्वर बरोबर असले तरी भरीव कॉर्डमुळे मींड गुदमरते. गायक दोन स्वरांमधल्या वाटेने चाललेला असतो आणि मागे कुणीतरी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ठेवलेल्या असतात. दोन, लय. हातावर मात्रा मोजा. जुन्या मुद्रिकेत लय हळूच सरकलेली पकडता येते का बघा. तीन, श्वास. गायकाने तो कुठे घेतला, हे ऐकू येतं का?

मग तिला विचारा, तिला रडू कुठे आलं. उत्तर मध्येच तोडू नका. बऱ्याचदा ते गाण्यापेक्षा चेहऱ्यावर आलेलं असतं, जवळून दिसलेल्या डोळ्यांवर. आठव्या रांगेतून हे तुम्हाला कधी दिसलं नव्हतं. क्लोजअप ही चित्रपटाची तान आहे असं समजा. ‘सुरत पिया की’ची जुगलबंदी पडद्यावर पाहताना दोन गायकांची तोंडं हातभर अंतरावरून दिसतात, हरणाऱ्याला हरणं कधी कळलं तो क्षण दिसतो. रंगमंचाला हे देता येत नाही. तेवढी कबुली तुम्ही दिलीत की ‘चव घालवली’ हे शब्द मागे घ्यायला वेगळी माफी मागावी लागणार नाही. आणि ‘तुमच्या पिढीला’ हे दोन शब्द त्या संध्याकाळी उच्चारूच नका.

त्यानंतर तिला प्रत्यक्ष संगीत नाटक दाखवा. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो, त्याचं वेळापत्रक बघा. महाकवी कालिदास कलामंदिर किंवा सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह, कुठेही संगीत नाटक लागलं तर पाचवी ते आठवी रांग, मध्याच्या जरा डाव्या-उजव्या बाजूला घ्या. पहिल्या दोन रांगांत साथ जास्त आणि शब्द कमी ऐकू येतात, बाल्कनीच्या खाली आवाज दबतो, अगदी कडेला बसलात तर एकाच स्पीकरचं गाणं ऐकाल. हौशी संच असेल, सूर कुठे हलेल, तरी चालेल. तिला समोरच्या माणसाचा श्वास ऐकायचा आहे. आणि नाटकाची संहिता आधी वाचू द्या, वाचनालयात चौकशी करा. पदांच्या आधीचा आणि नंतरचा एकेक संवाद वाचला तरी पद तिथे कशाला आहे ते उलगडतं.

नाशिककरांनी ‘नाटक थोर की सिनेमा’ यावर भांडावं, हे तसंही गमतीचंच. 21 डिसेंबर 1909 रोजी कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, प्रयोग होता ‘संगीत शारदा’चा. तिथेच पुढे सिनेमा लागायला लागला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके इथल्याच त्र्यंबकेश्वरचे. अभिषेकीबुवांनी नाट्यसंगीत द्यायला सुरुवात केली ती 1964च्या ‘मत्स्यगंधा’पासून, आणि ते नाटक लिहिणारे वसंत कानेटकर राहायला नाशिकला. भाषणात हे सांगायला हरकत नाही, फक्त दोन मिनिटांत आवरा.

आता कोजागरीचा कार्यक्रम. गच्चीवर चित्रपट दाखवण्यात दोन अडचणी आहेत आणि समितीला त्या आधीच सांगा. ओटीटीचं वर्गणीचं खातं घरात पाहण्यासाठी असतं. सोसायटीच्या पन्नास-साठ माणसांसमोर पडद्यावर लावणं हे जाहीर प्रदर्शन होतं, त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. तिकीट नाही म्हणून ती माफ होत नाही. दुसरं म्हणजे वेळ. उघड्या गच्चीवर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, राज्य सरकारने त्या दिवसापुरती सूट दिली नसेल तर. अडीच तासांचा चित्रपट दहाला संपवायचा म्हणजे साडेसातच्या आत सुरू करायचा, तेव्हा निम्मी मंडळी अजून घरी पोचलेली नसतात आणि चंद्रही फारसा वर आलेला नसतो. शिवाय आजूबाजूच्या दिव्यांच्या उजेडात साध्या प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. राजवाड्यातल्या अंधाऱ्या प्रसंगांत तर काहीच दिसणार नाही.

त्यापेक्षा पदांची बैठक करा, माइकशिवाय. हौशी मंडळींनी पैसे न घेता, तिकीट न लावता नाट्यपदं म्हणण्याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पाच पदं, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, मध्ये चार ओळींचं निवेदन, असा तासाभराचा बेत. माणसं चाळीसच्या आत असतील आणि गायक भिंतीला पाठ करून बसला असेल तर आवाज पुरतो. मागे भिंत नसेल तर गच्चीवर आवाज उडून जातो, म्हणून पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची भिंत पाहून जागा धरा.

चूक होते ती पट्टीत, म्हणजे गाणारा पेटीच्या ज्या सुराला सा धरतो त्यात. बायकांची पट्टी बहुधा काळी चार किंवा पाच, पुरुषांची काळी एक ते पांढरी तीनच्या आसपास. पेटीवाला सांभाळून घेतो, तबला सांभाळून घेत नाही. एक दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, वर-खाली दीड-दोन स्वर फिरतो, त्यापलीकडे ठोकत बसलात तर वादी (ताण देणारी चामड्याची दोरी) तुटते नाहीतर आवाज बोदा येतो. तेव्हा लहान आणि मोठ्या तोंडाचे दोन दायां मागवा आणि कार्यक्रमाचा क्रम असा लावा की एका पट्टीची पदं सलग येतील. बायका-पुरुष आलटून पालटून घेतले की दर पदाआधी पाच मिनिटं हातोडी चालते आणि बैठक मोडते. आणखी एक, कोजागरीच्या रात्री आपल्याकडे दव पडतं. चामडं ओलसर झालं की सैल पडतं, तबला उतरतो आणि गाणारा बिचारा आपलंच चुकलं म्हणून घाबरतो. तबल्यावर वापर नसताना गादी-कपडा झाकून ठेवा, वर ताडपत्री किंवा मांडव घ्या, जवळ एक पिवळा ऊबदार बल्ब राहू द्या. पेटीही उघडी टाकू नका. गाणाऱ्यांनी मसाला दूध गाऊन झाल्यावरच प्यायचं, सायीचा थर घशावर बसला की खाकरणं सुरू होतं.

‘दोन शब्द’ फार जपून लिहू नका. एवढं पुरे : ‘हे नाटक 1967 साली आलं, चित्रपट 2015 साली. चित्रपटामुळे आपल्या सोसायटीत आज नाट्यपदं शिकणारी माणसं आहेत. नाटकात या गाण्यांसमोर जो दरबार बसतो तो प्रेक्षकांचा असतो. तर आज गच्चीवर विश्रामपूरचा दरबार भरलाय असं समजा, आवडलं तर मोठ्याने सांगा आणि पुन्हा हवं असेल तर वन्स मोअर द्या.’

पाचातलं एक पद सूनबाईंना म्हणू द्या, कोणतं ते तिला ठरवू द्या. क्लासमध्ये शिकलेली ‘घेई छंद’ची तऱ्हा चित्रपटातली असेल तर तीच गाऊ द्या, ‘मूळ चाल अशी नाही’ हे त्या रात्री तरी नको. तुम्ही समोर बसा, तिला दिसाल असे, पण अगदी नाकासमोर नको, नवख्या गाणाऱ्याला सासऱ्याच्या चेहऱ्याचं दडपण येतं. आधी आठवडाभर त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर घालायचा सराव करा. टाळी एक, पाच आणि तेरावर, खाली नववर, म्हणजे सम कुठे आहे ते पक्कं राहील. दाद अर्धी मात्राही आधी पडली तर गाणाऱ्याचा तोल जातो. मुखडा परत आला, ती समेवर उतरली, की तिच्या श्वासाच्या जागेत तुमची ‘वा’ पडू द्या.